‘गरम-गार’ टब घेण्याआधी

संपादक महोदय,

एकाच टबात गरम आणि गार असे दोन्ही जलोपचार करता येतील, अशा जाहिराती हल्ली सर्रास दिसतात. टब ४० अंशही देतो आणि १२ अंशही, हे खरे आहे. पण दोन्ही एका बैठकीत देत नाही आणि हे कुठेच छापलेले नसते. २५० लिटर पाणी ४० वरून १५ अंशांवर आणायचे तर सव्वासात युनिटांइतकी उष्णता त्यातून काढावी लागते. १२०० वॉट थंडावा देणाऱ्या चिलरला, म्हणजे पाणी गार करणाऱ्या यंत्राला, त्यासाठी सहा तास लागतात. तीन मिनिटे गरम, एक मिनिट गार असा आलटून-पालटून शेक घ्यायचा असेल तर दोन भांडी लागणारच. पाय मुरगळला असेल तर दोन बादल्या पुरतात!

म्हणून आमचा सल्ला असा, की टब गार पाण्यासाठी घ्यावा आणि गरम पाणी शॉवरखाली किंवा बादलीतून घ्यावे. उलट करायला गेलात तर गिझर आडवा येतो. २५ लिटरच्या गिझरमधले ६० अंशांचे पाणी २५ अंशांच्या पाण्यात मिसळले की ४० अंशांचे जेमतेम ५८ लिटर होते. २५० लिटरसाठी तो चार-साडेचार वेळा तापवावा लागेल. २ किलोवॉटच्या गिझरला याला दोन तासांहून जास्त लागतात आणि तोवर आधीचे पाणी निवलेले असते. घाईपोटी टबात इमर्शन रॉड सोडणे म्हणजे जिवाशी खेळ.

चिलर घेताना ‘किती एचपी’ विचारू नका, थंडावा किती वॉटचा ते विचारा. एचपी हा काँप्रेसरचा आकडा आहे. चिलर पाण्यातली उष्णता खोलीत फेकतो, त्यामुळे बंद न्हाणीघरात तो स्वतःच्याच गरम हवेत गुदमरतो आणि ट्रिप होतो. जागा हवेशीर हवी. बोअरचे किंवा टँकरचे पाणी असेल तर आतली कॉइल टायटॅनियमची घ्या. चिलरऐवजी बर्फ वापरायचा म्हटले, तर २८ अंशांचे २५० लिटर पाणी १५ वर आणायला साधारण ३५ किलो लागतो, तोही दर वेळी. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतले पाणी २८ ला मिळणारच नाही, तेव्हा आणखी जास्त.

टब दुहेरी भिंतीचा, मध्ये पफ (उष्णता अडवणारा फोम) भरलेला आणि घट्ट झाकणाचा असावा. हवा भरायचे टब स्वस्त असतात, पण वारंवार गरम पाणी भरले की त्यांचे जोड सैल पडतात.

वजनाचा विचार फार थोडे जण करतात. पाणी, माणूस आणि टब मिळून ३६० किलो होतात आणि दीड मीटर लांब, ७० सेंटिमीटर रुंद टबाखाली ते चौरस मीटरला ३४० किलोंच्या घरात जातात. भारतीय मानकानुसार घरातल्या खोल्या व न्हाणीघर चौरस मीटरला सुमारे २०० आणि बाल्कनी ३०० किलोंसाठी धरलेली असते. लगेच स्लॅब खचेल असे नाही, कारण भार आजूबाजूला पसरतो. पण पिंपासारखा उभा टब तेवढाच भार निम्म्या जागेत टाकतो. तो बाल्कनीच्या कडेला तर ठेवूच नये. आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारावे.

विजेसाठी स्वतंत्र एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारा स्विच), ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की ती तोडणारा स्विच) आणि तपासलेले अर्थिंग हवे. टबात बसून हात पोहोचेल अशा ठिकाणी सॉकेट नको. टबाचे पाणी एकदम सोडले की नहाणी ट्रॅप (न्हाणीघरातल्या जाळीखालचे निचऱ्याचे भांडे) उलटा भरतो, म्हणून निचऱ्याला बॉल व्हॉल्व्ह बसवून तो हळू उघडावा.

गार पाणी १० ते १५ अंश, सुरुवातीला दोन-तीन मिनिटे, पुढेही दहा मिनिटांच्या वर नको. गार पाण्यात उतरताच श्वास अडखळतो, म्हणून एकट्याने बसू नये. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब किंवा गर्भारपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांना पाण्याचा चटका कळत नाही, त्यांनी थर्मामीटरने तपासल्याशिवाय गरम पाण्यात पाय घालू नयेत.

बारा-पंधरा अंशांना हुडहुडी भरणाऱ्यांसाठी कटिस्नानाचा, म्हणजे कमरेपुरते पाण्यात बसण्याचा, टब आहेच. गांधीजींनी १९४६ साली उरुळीकांचनला निसर्गोपचार सुरू केला, त्या परंपरेतला हा उपचार. तीस-चाळीस लिटर पाण्यात भागतो आणि स्लॅबलाही त्रास नाही.

फिल्टर नसलेला टब प्रत्येक वापरानंतर रिकामा करावा. फिल्टर असेल तर क्लोरीन आणि पीएच (पाण्याची आम्लता) पट्टीने तपासावा. चिलर बंद करून गावाला जाताना मात्र टब पुसून कोरडा करूनच जावे. गच्चीवर उघडा राहिलेला भरला टब डेंग्यूच्या डासांना आठवडाभरात पुरतो.

— स्नानगृहांची कामे करणारे प्लंबर व इलेक्ट्रिशियन, पुणे