शिकागोत नेमक्या कुठल्या भागात घर, याबद्दल आई-बाबांना

प्रिय आई आणि बाबा,

फोनवर हा विषय नीट होतच नाही. बाबा म्हणतात सगळे मराठी लोक नेपरव्हिल उपनगरात घर घेतात तर तू का नाही, आई म्हणते भाडेकरू कशाला बाई डोक्यावर, आणि मी दोघांना एकदम उत्तर द्यायला जाते नि नुसता गोंधळ होतो. म्हणून लिहूनच पाठवतेय, दादाला सांगा प्रिंट काढून द्यायला, मोबाईलवर वाचत बसू नका.

आधी घर कसलं ते सांगते. इथे टू-फ्लॅट म्हणतात त्याला. विटांची दुमजली इमारत, खाली एक पूर्ण घर, वर तसंच दुसरं घर, दोघांची किचनं वेगळी, मीटर वेगळे. शंभर वर्षांपूर्वी युरोपातनं आलेले कामगार लोक, विशेषतः पिल्सन आणि लॉनडेल भागातले चेक लोक, अशी घरं बांधायचे आणि एका मजल्यावर स्वतः राहून दुसरा भाड्याने द्यायचे, त्या भाड्यातनं कर्जाला हातभार. आजकाल त्यालाच हाऊस हॅकिंग असं भारी नाव दिलंय, जसं काही परवाच शोध लागलाय. मी तेच करणारे, खाली मी, वर भाडेकरू.

बाबा, नेपरव्हिलचं तुमचं म्हणणं चूक नाहीये, शाळा चांगल्या, आपली माणसं भरपूर, ऑरोराचं बालाजी मंदिर जवळ. पण तिथे बहुतेक सगळी एका कुटुंबाचीच घरं, वरचा मजला भाड्याने द्यायचा हा प्रकारच नाही, आणि माझं ऑफिस डाऊनटाऊनला, म्हणजे मेट्रा ही उपनगरातली लोकल पकडायलाही आधी स्टेशनपर्यंत गाडी. मी एकटी, मला चार बेडरूम आणि लॉन घेऊन काय करायचंय. आणि समजा नोकरी गेली तर एच-वनबी व्हिसावर जेमतेम 60 दिवस मिळतात दुसरी शोधायला, तेव्हा वरच्या मजल्याचं भाडं चालू असणं ही गोष्ट मला लॉनपेक्षा मोठी वाटते.

आता पैशाचं, कारण बाबा पहिलं तेच विचारणार. एफएचए नावाचं सरकारी हमीचं कर्ज असतं, साडेतीन टक्के भरून मिळतं, पण 2025 च्या मे पासून ते फक्त सिटिझन नि ग्रीन कार्डवाल्यांना, मला नाही. माझ्यासाठी साधं कर्ज, स्वतः राहणार असशील तर दोन ते चार घरांच्या इमारतीलाही 5 टक्के डाऊन पेमेंट चालतं, हा नियम 2023 च्या शेवटी आला. समजा 5 लाख डॉलरचं घर, 25 हजार मी भरले, साडेसहा टक्क्यांनी 30 वर्षांचं कर्ज, तर हप्ताच 3,000 च्या आसपास. त्यात प्रॉपर्टी टॅक्स, इन्शुरन्स आणि डाऊन पेमेंट कमी म्हणून लावतात तो मॉर्गेज इन्शुरन्स धरला की 4,100 वगैरे. वरचं भाडं 1,900 धरलं तर माझ्या खिशातनं 2,200 जाणार, आणि आत्ता भाडं भरतेय त्यापेक्षा हे जास्तच आहे!! हाऊस हॅकिंग करून फुकटात राहा म्हणून जे सांगत सुटलेत त्यांचं गणित टू-फ्लॅटला आणि या व्याजदराला लागू होत नाही, आणि सुरुवातीला त्या 3,000 मधले जेमतेम 400-450 मुद्दलात जातात, बाकी सगळं व्याज. तरी मी करतेय कारण हप्ता 30 वर्षं तोच राहणार आणि भाडं दर वर्षी वाढतं, माझंही वाढतंच आहे की.

म्हणूनच सगळा खेळ एरियावर येतो. लोगन स्क्वेअर मला फार आवडतं, पण तिथे जुन्या रेल्वेलाईनवर 606 नावाचा चालायचा ट्रेल 2015 ला झाला आणि त्याच्या आजूबाजूच्या किमती अशा चढल्या की भाड्याचा आणि हप्त्याचा मेळच बसत नाही, कित्येक टू-फ्लॅट तर श्रीमंत लोक घेऊन दोन्ही मजले जोडून एकच घर करून टाकतात. उलट काही भागात किंमत कमी, भाडं कागदावर मस्त दिसतं, पण मला स्वतःला तिथे रात्री बसमधून उतरून चालत जायला नको वाटलं. गुंतवणूकवाले म्हणतात भावनेवर जाऊ नका, ठीक आहे, पण त्यांना तिथे झोपायचं नसतं. मला झोपायचंय.

आई, तू विचारलंस एजंटला विचार ना वस्ती कशी आहे, लोक कसे आहेत. तो सांगू शकत नाही गं! 1968 चा फेअर हाऊसिंग कायदा आहे, कुठल्या जातीधर्माची माणसं राहतात त्यावरनं गिऱ्हाईकाला इकडे ने तिकडे नको असं करायला एजंटला बंदी. आणि बंदी बरोबरच आहे, 1930 च्या दशकात इथे सरकारी नकाशांवर काळ्या लोकांच्या वस्त्या लाल रंगवल्या, तिथल्या लोकांना कर्जच मिळेना, त्याचे परिणाम हे शहर अजून भोगतंय. त्यामुळे बघायचं ते आपलं आपण. शहराच्या डेटा पोर्टलवर कुठल्या ब्लॉकला काय गुन्हा झाला सगळं निघतं, ते मी काढलं, पण खरं कळलं ते थंडीत संध्याकाळी स्टेशनपासून घरापर्यंत चालून बघितल्यावर. फुटपाथवरचा बर्फ काढलाय का, दिवे लागतात का, दुकानं उघडी आहेत का, पोरं बाहेर दिसतात का. बर्फ काढणं घरमालकाची जबाबदारी असते, त्यामुळे ज्या गल्लीत फुटपाथ साफ तिथे मालक स्वतः राहतोय किंवा निदान लक्ष ठेवतोय असं मी धरते. माझा हा नियम कुठल्या पुस्तकात नाही पण मला पटलाय.

डेव्हन अव्हेन्यूचं, म्हणजे इथल्या देशी दुकानांच्या रस्त्याचं, पण डोक्यात होतं, आईला तर तेच हवंय, सगळं किराणा सामान, साड्या, मिठाई, पटेल ब्रदर्स या देशी किराणा दुकानांच्या साखळीचं पहिलं दुकान 1974 ला तिथेच निघालं. पण तिथनं एल ट्रेनचं (इथली शहरातली मेट्रो) स्टेशन चालत जाण्यासारखं नाही, आधी बस धरा मग ट्रेन. गाडी नसलेला भाडेकरू ते आधी बघतो, आणि मलाही रोज ते नकोय. सामान काय, आठवड्यातनं एकदा आणता येतं.

तर शेवटी अल्बनी पार्क या भागावर आलेय. एलच्या ब्राऊन लाईनचं शेवटचं स्टेशन किंबॉल तिथे आहे, म्हणजे सकाळी बसायला जागा नक्की. एरवी ही ट्रेन डोक्यावरनं खांबांवर धावते, पण त्या टोकाला ती जमिनीवर उतरते, फाटक पडतं आणि गाड्या थांबतात, बाबांना बघायला मजा येईल. वस्ती एकदम मिश्र, कोरियन, मेक्सिकन, ग्वाटेमालाची, फिलिपिनो, अरब, केडझी अव्हेन्यूवर अरबी बेकऱ्या आहेत तिथली गरम रोटी आणि हुमस मी आत्ताच निम्मे पैसे घालवून खाते. जवळच स्वीडिश हॉस्पिटल, उत्तरेला दोन युनिव्हर्सिट्या, म्हणजे नर्सेस, शिकवणारे, पीएचडीवाले असे भाडेकरू मिळायला हरकत नाही. मी एखाद्याच मोठ्या कंपनीच्या जिवावर चालणारा एरिया मुद्दाम टाळला.

पण त्यातही गल्लीगल्लीत फरक आहे. शिकागो नदीचा एक फाटा तिथून जातो, 2008 ला आणि 2013 ला नदीकाठच्या घरांत पाणी शिरलं होतं, मग शहराने फॉस्टर अव्हेन्यूच्या खालून पाणी वळवायला बोगदा खणला, 2018 ला पूर्ण झाला. तरी मी नदीला लागून घेणार नाही. आणि नदी लांब असली तरी इथे सांडपाणी आणि पावसाचं पाणी एकाच पाईपमधून जातं, जोरात पाऊस झाला की बेसमेंटच्या ड्रेनमधनं उलटं वर येतं. प्रत्येक घरात मी आधी बेसमेंटच्या भिंतीचा खालचा फूटभर भाग बघते, नवीन रंग फक्त तेवढ्यालाच असेल तर मी हसून बाहेर पडते.

बेसमेंटवरनं आठवलं, काही लोक तिथे तिसरं घर काढून गार्डन युनिट म्हणून खपवतात, गार्डन कुठेही नसतं! पण ते कायदेशीर असतंच असं नाही. विक्रीच्या वेळी शहराकडून झोनिंग सर्टिफिकेट लागतं, त्यात किती युनिट मान्य ते लिहिलेलं असतं, मी तेवढंच भाडं धरते.

बाबा, प्रॉपर्टी टॅक्सचं तुम्ही बरोबर पकडलंत. घर विकणारे आजी-आजोबा तिथे वर्षानुवर्षं राहात असतील तर त्यांना वयाची सवलत असते, त्यामुळे जाहिरातीत टॅक्स कमी दिसतो, घर माझ्या नावावर झालं की ती सवलत गेली. वर शहरातल्या घरांचं मूल्यांकन दर तीन वर्षांनी, पुढचं 2027 ला. म्हणून मी चालू बिल धरत नाही, सवलती काढून परत हिशोब करते.

आणि भाडेकरूची भीती. मला माहितीये ती आपल्या वाड्यामुळे आहे, तीस वर्षं तेच भाडं आणि कोर्टाच्या तारखा. इथे भाड्यावर सरकारी बंधन नाही, 1997 पासून इलिनॉयमध्ये कायद्यानेच गावांना तसं करायला मनाई आहे, करार संपला की भाडं बदलता येतं. घर खाली करून घ्यायला कोर्टातच जावं लागतं ते मात्र इथेही आहे, महिने जातात, म्हणून तीन-चार महिन्यांचे हप्ते मी वेगळे ठेवलेत, त्याला हात लावणार नाही. मालक स्वतः राहतो अशा सहा घरांपर्यंतच्या इमारतीला शहराचा मोठा भाडेकरू कायदा लागत नाही, पण हीटिंगचा लागतो, थंडीत दिवसा 68 फॅरनहाइट म्हणजे आपले 20 डिग्री द्यावेच लागतात, त्यामुळे दोन्ही मजल्यांची फर्नेस म्हणजे घर तापवायची भट्टी वेगळी असलेलं घर मी शोधतेय.

आई, खालचा मजला मी तुझ्या गुडघ्यांसाठीच धरलाय, वरचे लोक डोक्यावर धपाधप चालणार ते सहन करीन. तरी पुढे सात-आठ पायऱ्या असतातच, ते बघूनच ठरवू.

सध्या दोन घरं मनात आहेत, एक केडझीच्या जवळ आणि एक किंबॉलच्या पश्चिमेला. दुसऱ्याचे पाण्याचे पाईप शिशाचे निघाले, इथे 1986 पर्यंत तेच घालायचा नियम होता, बदलायला बराच खर्च येतो, त्यामुळे तिथे किंमत कमी करून मागणारे. दोघांचे टॅक्सचे कागद दादाच्या मेलवर टाकलेत, बाबा तुम्ही बघून रविवारी फोन करा, सकाळी लवकर करा म्हणजे माझी शनिवारची रात्र असेल.

तुमची लेक