दर वेळी ‘युरिन इन्फेक्शन’च कसं काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत लघवीच्या जळजळीवर लेख आला होता, भरपूर पाणी प्या, लघवी तुंबवू नका, गोळ्यांचा कोर्स पूर्ण करा वगैरे. सगळं बरोबरच, पण कोर्सवर कोर्स करूनही ज्यांना फरक पडत नाही त्यांनी काय करायचं यावर एक ओळ नाही.

आमच्या वहिनींचं सांगतो. लघवी साठली की ओटीपोटात कळ, जाऊन आलं की जरा बरं, रात्रभर उठबस. कल्चरचा, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून बघायच्या तपासणीचा, रिपोर्ट दर वेळी ‘नो ग्रोथ’ आणि चिठ्ठीवर दर वेळी नवीन अँटिबायोटिक, नंतर तर टेन्शन घेता म्हणून झोपेची गोळी. अहो जंतूच नाहीत तर मारताय कोणाला? शेवटी एका युरॉलॉजिस्टनी आधी डायरी लिहायला लावली, किती वाजता गेलात, मापाने किती झाली, मग भूल देऊन दुर्बीण टाकली तर मूत्राशयात आतून लालभडक चट्टे. कॅन्सर नाही ना म्हणून तुकडा तपासला. निदान इंटरस्टिशियल सिस्टायटिस, म्हणजे जंतूंशिवायच मूत्राशयाला येणारी जुनाट सूज. सोनोग्राफी नॉर्मलच होती बरं का! हे चट्टे बाल्टिमोरच्या डॉ. गाय हुनर यांनी १९१५ मध्येच लिहून ठेवलेत. दुखणं कायमचं जात नाही म्हणतात, पण दुर्बिणीतूनच चट्टे जाळले आणि वहिनींना आता झोप लागते.

दुसरं म्हणजे लघवीच्या मार्गाचा टीबी. लघवीत पस सेल्स (पुवाच्या पेशी) भरपूर पण कल्चर कोरं, तर आपल्याकडे टीबीची शंका आधी यायला पाहिजे, कारण तो जंतू साध्या कल्चरमध्ये उगवतच नाही, सकाळची पहिली लघवी ओळीने तीन दिवस वेगळी तपासायला द्यावी लागते. उशीर झाला तर मूत्राशय आकसून पार अंगुस्तानाएवढं होतं, मग नुसत्या गोळ्यांनी ते परत मोठं होत नाही.

आणि दुर्मिळ म्हणजे आपल्याकडे नसणारच असंही नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवीत लोकांना लघवीतून रक्त जायचं, १९५२ मध्ये गाडगीळ आणि शहा या डॉक्टरांनी शिस्टोसोमा कृमीचा आजार तिथे असल्याचं मांडलं, जो तोवर आफ्रिकेतला म्हणून पुस्तकात वाचायचा! याची अंडी लघवीत सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात, पण बघायला तर पाहिजे कोणीतरी.

पुढच्या लेखात एवढं तरी छापा की सॅम्पल गोळी सुरू करायच्या आधी द्या, जुने रिपोर्ट फेकू नका, आणि न दुखता एकदा जरी रक्त गेलं तरी थांबू नका, लगेच युरॉलॉजिस्ट गाठा.

आपला,
एक वाचक, सांगली