लिनक्सवर अधिकृत व्हॉट्सॲप नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. तेव्हापासून, जुने संगणक भंगारात घालण्याऐवजी त्यांवर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) टाका, असं सांगणारे लेख आपल्या पुरवणीत येत आहेत. सल्ला चांगलाच आहे. आमच्या वाचनालयातले संगणक असेच तगलेत आणि मी निवृत्त झाले तरी ते सांभाळायचं काम माझ्याचकडे राहिलंय. पण ताज्या लेखात ‘सॉफ्टवेअर मॅनेजरमधून (म्हणजे मिंटच्या ॲप्सच्या दुकानातून) व्हॉट्सॲप इन्स्टॉल करावे’ एवढ्या एका ओळीत जे उरकलंय, त्यावर लिहिणं भाग आहे. ती ओळ वाचून लोक माझ्याकडे येतात.

लिनक्ससाठी अधिकृत व्हॉट्सॲप नाही. विंडोज आणि मॅकसाठी कंपनीने काढलं, लिनक्ससाठी काढलेलं नाही. झॅपझॅप, व्हॉट्सी अशा नावांनी जे दिसतं ते तिऱ्हाइतांनी केलेलं असतं. आत व्हॉट्सॲप वेबचंच पान उघडतं, भोवती वेगळी खिडकी. वाईट काही नाही, पण क्यूआर कोड स्कॅन केला की आपल्या गप्पा त्या खिडकीच्या हवाली होतात. मग ती कुणी बनवली हे आधी विचारायला नको? मिंट २२ पासून पडताळणी न झालेले फ्लॅटपॅक (लिनक्सवरची ॲप्स बांधून देण्याची एक पद्धत) आपण मुद्दाम परवानगी दिल्याशिवाय दिसत नाहीत, ते उगीच नाही.

त्यापेक्षा मिंटमध्ये आधीपासूनच असलेलं ‘वेब ॲप्स’ उघडावं. नाव लिहायचं, व्हॉट्सॲप वेबचा पत्ता टाकायचा, ब्राउझर निवडायचा. मेनूत बटण तयार. तिथेच खासगी खिडकीचा पर्याय असतो. आमच्याकडे मी तोच लावून ठेवलाय, कारण खिडकी बंद केली की लॉगिनही जातं. मागे एक मुलगी फोनमधला बायोडाटा घ्यायला व्हॉट्सॲप वेब उघडून तसंच ठेवून गेली. पुढच्या पाळीला बसलेल्या आजोबांना तिच्या मावशीचे निरोप दिसायला लागले. माणूस सज्जन, त्यांनी मॉनिटरच बंद केला आणि मला हाक मारली.

दूरसंचार विभागाने २८ नोव्हेंबर २०२५ ला अशा ॲप्सना निर्देश दिले: खातं चालू सिमकार्डाशी बांधा आणि वेब आवृत्ती जास्तीत जास्त ६ तासांनी आपोआप लॉगआउट करा. त्यासाठी ९० दिवस दिले. वाचनालयापुरतं मी याचं स्वागतच करेन. पण घरच्या लिनक्स संगणकावर दिवसभर काम करणाऱ्याकडे वेब आवृत्तीशिवाय दुसरं काही नाही, त्याने दर वेळी फोन शोधून कोड स्कॅन करत बसायचं! आपल्या लेखात हा मुद्दा यायला हवा होता.

आता लोक विचारतात त्या ‘चॅटसाठी लिनक्सवर कुठला प्रोग्राम चांगला?’ या प्रश्नाबद्दल. माझ्या मते हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न, त्या प्रोग्रामच्या मागचं जाळं कुणाचं आणि ते बंद करायची मुभा किती जणांना आहे.

आमच्या पिढीतल्या लिनक्सवाल्यांना पिजिन हा चॅटचा प्रोग्राम आठवत असेल. आधीचं नाव गेम (Gaim), २००७ मध्ये पिजिन झालं. एकाच यादीत याहू, एआयएम, एमएसएन, गूगल टॉक अशा तेव्हाच्या सगळ्या चॅट-सेवांवरचे मित्र दिसायचे. पिजिन आजही मिळतं आणि चालतं, पण बोलायचं कुणाशी? एआयएम डिसेंबर २०१७ मध्ये बंद झालं, याहू मेसेंजर जुलै २०१८ मध्ये. गूगल टॉक २००५ मध्ये एक्सएमपीपी या खुल्या नियमावलीवर सुरू झालं, पुढच्या वर्षी बाहेरच्या सर्व्हरवरच्या लोकांशीही त्यातून बोलता येऊ लागलं. २०१३ मध्ये त्याच्या जागी गूगलचंच हँगआउट्स आलं आणि जून २०२२ मध्ये उरलीसुरली वाटही गेली. स्काइपचा तर लिनक्ससाठी अधिकृत प्रोग्राम होता, तेही मे २०२५ मध्ये आटोपलं. यात पिजिनचा काही दोष नव्हता. पलीकडच्या मालकाने कुलूप घातलं, की इकडचा प्रोग्राम कितीही गुणाचा असो.

एक्सएमपीपी मात्र आहे. जॅबर या नावाने ते १९९९ मध्ये लोकांसमोर आलं, २००४ मध्ये इंटरनेटचं मानक झालं. ई-मेलसारखंच, खातं कुठल्याही सर्व्हरवर काढा, दुसऱ्या सर्व्हरवरच्या माणसाशी बोलता येतं. मिंटवर डिनो (पॅकेजचं नाव डिनो-आयएम) किंवा गाजिम घ्यावं. डिनो सुटसुटीत आणि हलकं, गाजिममध्ये सेटिंग्ज फार. अँड्रॉइड फोनवर कॉन्व्हर्सेशन्स. मी, माझी बहीण आणि भाचा यावरच बोलतो. बहीण अजून त्याला ‘आमच्या मुलाचं व्हॉट्सॲप’ म्हणते, म्हणो बापडी. तोटेही सांगते: ओमेमोचं (निरोप फक्त बोलणाऱ्या दोघांनाच वाचता येतील अशा सोयीचं) कुलूप लावलेले जुने निरोप नव्या संगणकावर उघडत नाहीत, म्हणून मिंट पुन्हा टाकायच्या आधी डेटा जपून ठेवावा.

मिंट २२ च्या मेनूत ‘मॅट्रिक्स’ नावाचं बटण दिसतं, त्याचा उलगडाही लेखात नव्हता. पूर्वी तिथे हेक्सचॅट हा गप्पांचा प्रोग्राम असायचा, त्याचं काम २०२४ मध्ये थांबलं आणि मिंटवाले मॅट्रिक्स या खुल्या जाळ्यावर गेले. त्याचा मुख्य प्रोग्राम एलिमेंट. ४ जीबी मेमरीच्या संगणकाला जड जातो, तिथे न्हेको बघावं. मे २०२३ मध्ये केंद्र सरकारने १४ ॲप्सवर बंदी घातली, त्यांत एलिमेंटचंही नाव होतं. पण एलिमेंट म्हणजे मॅट्रिक्स नव्हे, त्याच जाळ्यात बोलणारे इतर प्रोग्रामही आहेत.

सिग्नलचं उबंटू-मिंटसाठी अधिकृत पॅकेज आहे, मात्र आधी फोनवर खातं लागतं. टेलिग्रामचं लिनक्स ॲप झकास पळतं, पण त्याच्या ‘सीक्रेट चॅट’ तिथे मिळत नाहीत आणि साध्या गप्पा त्यांच्या सर्व्हरवर दोन टोकांच्या कुलपाविना, म्हणजे कंपनीला वाचता येतील अशा, असतात. कुठलंही ॲप घ्या, पक्कं करण्याआधी त्यात ‘कऱ्हाड’ लिहून बघा. इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट दाबून ‘जे’ची कळ, मग हलन्त आणि ह. एका नावाजलेल्या ॲपच्या स्नॅप (फ्लॅटपॅकसारखीच दुसरी पद्धत) आवृत्तीत मराठी उमटतच नव्हतं, त्याचीच फ्लॅटपॅक आवृत्ती मुकाट्याने चालली.

सोसायटी, शाळा, भिशी सगळं व्हॉट्सॲपवर आहे हे मला माहीत आहे. ते सोडा असं मी कुणाला सांगत नाही. वेब ॲपमध्ये ठेवा, आणि शेजारी एक खातं खुल्या जाळ्यावर असू द्या. भारतातल्या फ्री सॉफ्टवेअर चळवळीतली मंडळी ‘प्राव’ नावाची एक्सएमपीपी सेवा सहकारी संस्थेच्या धर्तीवर उभी करताहेत. दूध, साखर, पतपेढी सगळं सहकारात करणाऱ्या आपल्या भागातल्या वाचकांना यात रस वाटेल, आपल्या पुरवणीने त्यावर जरूर लिहावं.

पुढच्या अंकात निदान एवढी दुरुस्ती छापावी, की सॉफ्टवेअर मॅनेजरमधलं व्हॉट्सॲप कंपनीचं नाही. डिनोवर खातं काढण्याची चित्रं मराठीतल्या सूचनांसह हवी असतील, तर मी काढून पाठवते. सकाळच्या वेळेत मी वाचनालयातच असते.

आपली,
एक निवृत्त ग्रंथपाल,
कऱ्हाड, जि. सातारा