आधी हिशेब वाचा, मग रागवा

बासेल, रविवार, ८ फेब्रुवारी २०२६

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना शि. सा. नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर आई "बरं" म्हणाली असती, बाबांनी स्पीकर बंद केला असता आणि मग चार दिवस आपण सगळे हवापाण्यावर बोलत बसलो असतो. म्हणून हे पत्र. पैशाची गोष्ट तोंडी करू नये, कागदावर करावी, हे बाबांचंच वाक्य.

तर कागदावर सांगते. मार्चअखेर आम्ही स्वित्झर्लंड सोडतोय. लांब नाही जात, सीमेपलीकडे जर्मनीत, फ्रायबुर्गला. बासेलहून गाडीने पाऊण तास, म्हणजे आपलं इंदूर-उज्जैन. माझी नवी नोकरी १ एप्रिलपासून, निखिलच्या कंपनीचं तिकडेही ऑफिस आहे, घराचा करार झालाय. हो, सह्या झाल्यावर सांगतेय. आधी सांगितलं असतं तर बाबांनी दहा प्रश्न विचारले असते आणि त्यातल्या चारांची उत्तरं माझ्याकडे नव्हती. आता दोनांची नाहीत.

बाबा, सकाळच्या फिरायच्या मंडळीत "मुलगी स्वित्झर्लंडला असते" म्हणताना तुमचा आवाज कसा होतो, ते मी ऐकलंय. आता जर्मनी म्हणा. जर्मनीही काही वाईट ऐकू येत नाही. फक्त कोणी पगार वाढला का विचारलं तर विषय बदला. कारण वाढलेला नाही. हातात येणारी रक्कम जवळजवळ चाळीस टक्क्यांनी कमी होणार आहे. लिहून टाकलं एकदाचं. आता तुमची वही उघडा.

२०२३ मध्ये तुम्ही आला होतात तेव्हा ऱ्हाईनकाठच्या त्या हॉटेलात कॉफीचं बिल पाहिलंत, पाच फ्रँक वीस. मनात नव्वदने गुणलंत आणि पुढचे अडीच महिने घराबाहेर कॉफी प्यायला नाहीत. मी तेव्हा हसले होते. पण ती महाग का, याचं उत्तर सरळ आहे. बासेलमध्ये कायद्याने ठरलेली कमीत कमी मजुरीच तासाला बावीस फ्रँकच्या आसपास आहे. कप आणून ठेवणाऱ्या मुलीलाही इथलंच भाडं आणि इथलाच विमा भरायचा असतो. जर्मनीत हाच आकडा यंदा १३.९० युरो आहे. आणि फ्रँक नि युरो आता जवळजवळ खांद्याला खांदा लावून आहेत, फ्रँकच थोडा उंच. (१५ जानेवारी २०१५ आठवतो? स्विस मध्यवर्ती बँकेने युरोला १.२० फ्रँकची मर्यादा एकाएकी सोडून दिली होती आणि तुम्ही पेपर घेऊन माझ्यामागे घरभर फिरत होतात. मला एक अक्षर कळलं नव्हतं. आता कळतं.)

खरा खड्डा विम्याचा आहे. इथे आरोग्यविमा पगारातून कापत नाहीत, माणशी वेगळा हप्ता असतो, मग पगार कितीही असो. निखिलचे नि माझे मिळून महिन्याला आठशे फ्रँक, ओवीचे सव्वाशे. एवढं भरून वर वर्षाला पहिले अडीच हजार फ्रँक ज्याचे त्याने खिशातून द्यायचे, कारण हप्ता कमी पडावा म्हणून आम्हीच तसा विमा निवडला. म्हणजे गेल्या वर्षी माझी पाठ धरली तेव्हा मी डॉक्टरकडे न जाता आईने दिलेलं तेल चोळत बसले. विमा असून! जर्मनीत पगाराच्या टक्केवारीने कापतात, साधारण अर्धं मालक भरतो, आणि मुलं त्याच विम्यात फुकट. ओवीचे सव्वाशे गेले, म्हणजे वाचले.

आई, आता तुझ्या खात्यातलं. तू दर फोनला विचारतेस, "तूप कढवतेस ना?" कढवते, पण ते लोणी कुठून येतं हे तुला कधी सांगितलं नाही. दर दुसऱ्या शनिवारी आम्ही आठ नंबरची ट्राम पकडतो. ती सीमा ओलांडून थेट जर्मनीतल्या वाइल गावात जाते. सगळ्या बासेलकरांच्या हातात चाकांच्या पिशव्या, अगदी शनिवारच्या बाजाराला निघाल्यासारख्या. तिकडे दूध, डाळी, लंगोट, शाम्पू, सगळं स्वस्त. बिल पन्नास युरोच्या वर गेलं तर हिरवा कागद भरून कस्टमवाल्याचा शिक्का घ्यायचा, की जर्मन कर परत मिळतो. पण स्विस बाजूचे नियम वेगळे. गेल्या वर्षीपासून माणशी दीडशे फ्रँकपर्यंतच माल करमुक्त (आधी तीनशे होता), आणि लोणी माणशी एकच किलो. आम्ही तिघं, म्हणून तीन किलो. ओवीच्या वाट्याचं लोणी ती मांडीवर घेऊन बसते आणि शिपाई दिसला की जोरात सांगते, "हे माझं आहे." घरी येऊन मी कढवते, बेरी तिला साखर घालून देते. सहा वर्षं तुझी मुलगी लोण्याची ने-आण करतेय. आता जिथे लोणी तिथेच घर.

घरभाडं. इथे एकोणीसशे पन्नास फ्रँक, तिथे साडेतेराशे युरो. पण जर्मन भाड्याला दोन नावं आहेत, थंड भाडं आणि गरम भाडं. थंड म्हणजे नुसत्या भिंतींचं. पाणी, हीटर, जिन्याची झाडलोट धरली की गरम. आमचं गरम भाडं सोळाशेच्या घरात जाईल. तेव्हा फार वाचतं असंही नाही, फ्रायबुर्ग जर्मनीतल्या महाग गावांपैकीच आहे. आणि ऐक, तिथे पुष्कळदा रिकामं घर म्हणजे खरोखर रिकामं. स्वयंपाकघरच नाही! ओटा नाही, शेगडी नाही, सिंक नाही, भिंतीतून दोन नळ्या बाहेर आलेल्या. आधीचे भाडेकरू आपला ओटा उचलून घेऊन गेले. निखिलने जुनं स्वयंपाकघर विकत घेतलंय आणि मित्राला बरोबर घेऊन तो स्वतः बसवणार आहे. बाबा, लोकमान्यनगरच्या घरात त्याने बसवलेला तो टॉवेल रॉड तुम्हाला आठवत असेल. देव करो.

सोडायच्या घराची तपासणी असते. भट्टी, खिडक्यांच्या खाचा, नळाची जाळी, सगळं चकचकीत करून किल्ली द्यायची. मी आठवडाभर घासतेय. शेगडीवरच्या पंख्यावर पिवळे डाग आहेत, ते आईच्या फोडणीचे, २०२३ चे. जात नाहीत. कापतील पन्नासेक फ्रँक.

बाकी किरकोळ. कपडे धुण्याची खोली इथे सगळ्या बिल्डिंगला एकच, आमचा वार मंगळवार, रविवारी मशीनला हात लावायचा नाही. तिकडे मशीन आपल्याच न्हाणीघरात. कचऱ्याच्या निळ्या पिशव्या इथे विकत घ्याव्या लागतात, एकेक पिशवी दोन फ्रँकच्या वर, कारण कर त्यातच धरलेला. बाबांनी तेव्हा नाक मुरडलं होतं की आमच्या इंदूरला पिवळी गाडी गाणं वाजवत दारात येते. आगगाड्यांच्या बाबतीत मात्र स्वित्झर्लंडला तोड नाही. जर्मन गाडी वेळेवर आली तर लोक एकमेकांकडे बघतात. पण त्रेसष्ट युरोच्या महिन्याच्या पासात सगळ्या देशातल्या पॅसेंजर, बस, ट्राम येतात, तेव्हा उशीर का होईना, स्वस्तात.

बाबा, एवढं वाचून तुम्ही बेरीज केली असेल आणि ती जुळली नसेल. मलाही जुळली नव्हती. लोणी, विमा, भाडं, सगळं धरूनही महिन्याला आम्ही आत्ताच्यापेक्षा कमीच शिल्लक टाकू.

तुमच्या वहीत एक रकाना नाही, दिवसांचा. नोव्हेंबरात आईच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा माझ्या खात्यावर दीड दिवस रजा उरली होती. त्याच आठवड्यात ओवीला ताप. इथे मूल आजारी पडलं की कायद्याने एका आजारपणाला तीन दिवस, पुढे आपली रजा. तिकडे वर्षाला आई-बाप दोघांना प्रत्येकी पंधरा दिवस मिळतात, ते विमा देतो, आणि माझी स्वतःची रजा पंचवीसची तीस होतेय. ऑपरेशनच्या दिवशी दादा पुण्याहून आला, त्याने आईचा काळा चष्मा लावलेला फोटो पाठवला. मी तो प्रयोगशाळेच्या जिन्यात उभं राहून पाहिला. कोणी मला काही बोललं नाही, आई तर "तू उगाच धावपळ करू नकोस" म्हणाली. बोलली असतीस तर बरं झालं असतं.

तुमच्या दृष्टीने काहीच बदलत नाही. व्हिसा तोच, शेंगेन, एकशे ऐंशी दिवसांत नव्वद. फक्त या वेळी अर्ज जर्मनीकडे करायचा, मुंबईला, कागद मी भरून पाठवते. आई, तुझ्या गुडघ्यांसाठी तळमजला घेतलाय. तिसऱ्या मजल्याच्या त्या बावन्न पायऱ्या संपल्या. तुमची खोली बागेकडे उघडते, खिडकीखालीच हीटर आहे, आंघोळीला बसायचं स्टूल मी आणून ठेवलंय. आशियाई दुकान चालत दहा मिनिटांवर, तिथे पोहे मिळतात. जाडे. पोह्यांवर घालायचा जीरावन मसाला तुम्ही आणा, शेवही. आणि देवळाचा चौक आहे तिथे, मोठ्या चर्चभोवती रविवार सोडून रोज बाजार भरतो. बाबांना भाजीवाल्याशी घासाघीस करता येणार नाही, पण बघता येईल.

जुन्या गावात रस्त्याच्या कडेने पाण्याचे छोटे पाट वाहतात, हातभर रुंद. मुलं त्यात दोरी बांधलेल्या लाकडी होड्या ओढत चालतात. घर बघायला गेलो तेव्हा ओवीला होडी घेतली आणि ती दोन तास उठेना. मला आपली गल्ली आठवली, पावसाळ्यात पाणी भरायचं ती. बाबा बँकेतल्या रद्द स्लिपांच्या होड्या करून द्यायचे, गुलाबी आणि पांढऱ्या, आणि मी पायरीवर बसून ओरडायचे की गुलाबी माझी. एकदा ताप असताना तुम्ही मला खांद्यावर घेऊन छत्रीखाली उभे राहिलात, फक्त होडी कोपऱ्यापर्यंत जाते का ते बघायला. आई आतून रागवत होती. गेली होती होडी, आठवतंय?

आता ते दोन प्रश्न.

बाबा, डिसेंबरात तुम्ही विचारलंत, "पाच वर्षं म्हणाली होतीस, परत कधी?" मी म्हटलं आवाज तुटतोय. आवाज तुटत नव्हता. आत्ता तरी परत येणं ठरलेलं नाही. ओवी बालवाडीत जाईल, नवी नोकरी, सहा महिने प्रोबेशन. त्यापुढचं खरंच माहीत नाही. दुसरा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण मोठ्या काकांचं झालं तेव्हापासून तो तुमच्या मनात आहे. हो, जर्मनीत पाच वर्षांनी नागरिकत्व मागता येतं, स्वित्झर्लंडमध्ये दहा लागतात. आणि ते घेतलं की आपला पासपोर्ट परत द्यावा लागतो. आम्ही काही मागितलेलं नाही. निळा पासपोर्ट तुमच्या पत्र्याच्या पेटीतल्या त्याच लाल रुमालात गुंडाळलेला आहे, तो रुमाल मी २०१९ ला न विचारता आणला होता. एवढंच आज सांगू शकते. काकांनी सांगितलंच नव्हतं, मी सांगतेय, एवढा फरक धरा.

दिवाळीला येतेय. ८ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन आहे, तोवर प्रोबेशन संपतं. तीन आठवडे.

आता ऐका. आई, दुसऱ्या डोळ्याचं रंगपंचमी झाल्यावर लगेच उरकून घ्यायचं, "उन्हाळा जाऊ दे" चालणार नाही. राजवाड्याची गेर, रंगपंचमीची मिरवणूक, टीव्हीवर बघा, गर्दीत जायचं नाही, दोघांनीही. बाबा, इन्सुलिन फ्रिजच्या दारात ठेवू नका, दार सारखं उघडतं, आतल्या कप्प्यात ठेवा. सराफ्यात खायला महिन्यातून एकदा, तेही भुट्ट्याचा कीस, जिलबी नाही. मला पाटणकरकाकू सगळं सांगतात. पाणी उकळूनच प्या. गच्चीच्या जिन्याला कठडा लावायला माणूस येणार होता, आला का? पैसे मी दादाकडे दिलेत. आणि चाळीस टक्के कमी हे वाचून मला पैसे पाठवायला निघू नका. २०११ च्या पावसाळ्यात तुम्ही काय केलं होतंत ते मला नंतर कळलं. ते पुन्हा नको.

आईला पत्र तुम्हीच वाचून दाखवाल, तिच्या डोळ्यात अजून थेंब चालू आहेत. तुम्ही वाचताना मधलं गाळता, बाबा, लहानपणापासून मला माहीत आहे, आणि तिलाही माहीत आहे. "आता ते दोन प्रश्न" पासून पुढचं गाळू नका.

तुमची,
चिमी

ता. क. इथल्या घरमालकांनी शेवटी साठ फ्रँक कापायचे ठरवलेत, आज मेल आला. पंख्याचेच. आई, हे तू मनाला लावून घेऊ नकोस, फोडणी तशीच घालत जा.