पीट हाईनचे खलाशी

प्रिय सुधा,

सात महिने पत्र नाही म्हणून माझ्या नावानं शिव्या देऊन झाल्या असतील. मी ठीक. साखर आटोक्यात, गुडघे आपले तसेच.

नातवानं हॉलंडहून एका जुन्या विनाशिकेचे नकाशे धाडले आणि मी तिची छोटी प्रतिकृती करायला बाल्साचं हलकं लाकूड कापायला बसलो. नाव 'पीट हाईन'. मूळचा पीट हाईन म्हणजे 1628 मध्ये क्यूबाजवळ स्पॅनिश चांदीचा ताफा पकडणारा डच दर्यावर्दी. (दिगू असता तर म्हणाला असता, "कोण रे, खालच्या आळीतला का?") खरं जहाज 98 मीटर, माझं 49 सेंटिमीटर. हिच्या मते ओट्यावरची अडचण. मागच्या अंगाला फोकरचं छोटं विमान ठेवायचं मचाण आहे. विमान तिथून उडत नाही. उचलून पाण्यात सोडायचं, मग ते उडणार. ते मचाण माझ्या हातून तीनदा मोडलं. तू असतास तर "आधी टेकू, मग फळी, गाढवा" म्हणून ओरडला असतास.

खाली पट्टी लावायची म्हणून जहाजाची नोकरी लिहायला घेतली. डच ईस्ट इंडिज म्हणजे आजचा इंडोनेशिया, तिथला जावातल्या सुराबायाचा तळ, गस्ती, सराव. भराभर झालं. अडलं ते 1933 ला.

मंदी आली, सरकारनं खलाशांचे पगार कापले. सुराबायात ओरड झाली, धरपकड झाली. तिकडे सुमात्राच्या टोकाला 'डे झेवेन प्रोव्हिन्सीयेन' ही जुनी युद्धनौका उभी होती. 4 फेब्रुवारीच्या रात्री कॅप्टन किनाऱ्यावर गेलेला बघून इंडोनेशियन खलाशांनी आणि त्यांच्यासोबत काही डचांनी ती ताब्यात घेतली. बिनतारीवरून सांगितलं, आम्ही सुराबायाला निघालोय, हिंसा करायची नाही, पगारकपातीचा निषेध आहे. त्यांना अडवायला 'जावा' क्रूझर निघाली, सोबत 'एव्हर्ट्सेन' आणि माझी 'पीट हाईन'. 10 तारखेला विमानातून 50 किलोचा एक बॉम्ब टाकला. 23 माणसं गेली.

अरे, पाठलाग करणाऱ्यांचेही पगार कापलेलेच होते की!

करवत हातात तशीच राहिली आणि मला आपल्या संपातली ती बस आठवली. तू हा विषय कधी काढला नाहीस, म्हणून मीच काढतो. खिडक्यांना जाळ्या, आम्ही वीसेक जण डबे मांडीवर घेऊन माना खाली घालून बसलेलो. तू गेटवर. ओव्हरटाइम माझाही तुझ्याइतकाच कापला होता. सगळे ओरडत होते, तू नाही ओरडलास. माझ्या डब्याकडे बघितलंस फक्त. नंतर मी तुला हिच्या बाळंतपणाचं कारण दिलं. ते होतंच, पण फोरमनची जागाही होती. ते तेव्हा सांगितलं नाही.

अजूनही पत्ते खेळताना तू चिडलास की वाटतं, बसचंच उकरतोय. मग बघतो तर मी खरंच हुकमाचं पान वाया घालवलेलं असतं.

पुढे 1942 च्या फेब्रुवारीत बालीजवळ बडुंगच्या सामुद्रधुनीत जपान्यांनी 'पीट हाईन' बुडवली. तिथेही सोबत 'जावा' होतीच. त्याच वर्गाच्या आठ विनाशिका, त्यातली एकही मार्चनंतर डचांच्या हाती उरली नाही. हे एका ओळीत बसलं. 1933 ची ओळ मात्र चारदा खोडली. 'बंड मोडण्यात सहभाग' लिहिलं तर छाती फुगवल्यासारखं वाटतं. 'आपल्याच लोकांचा पाठलाग' लिहिलं तर ही विचारते, कोणाबद्दल लिहिताय?

तुझ्या नातीचं ठरल्याचं कळलं, फार छान झालं. गावचं घर विकायची घाई करू नकोस. वहिनींना नमस्कार.

तांदळाच्या कण्यांएवढे बारा खलाशी आणलेत. डेकवर चिकटवायचे राहिलेत. तोंडं कुठल्या बाजूला करू, ते कळव.

तुझा,
अण्णा

ता.क. तुझी पान्यांची पेटी माझ्याकडेच आहे. दोन पाने हरवलेत, आधीच सांगून ठेवतो.