रुग्ण ‘सापडले’, त्यांच्या मजुरीचं काय?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकात कुष्ठरुग्ण शोध मोहिमेची बातमी वाचली. तालुक्यात इतके रुग्ण ‘सापडले’ असा मथळा होता. चोर सापडावेत तसा हा शब्द आपण सगळेच वापरतो, त्यामुळे त्यावर जास्त बोलत नाही. पण सापडलेल्या माणसाचं पुढं काय होतं, ते कुठं छापून येत नाही. मी ते माझ्या बागेत बघितलं, आणि त्यात माझाही दोष होता, म्हणून हे पत्र.

माझी तीन एकर द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर घडांच्या विरळणीला, म्हणजे घडातले जादा मणी कातरून काढायला, शेजारच्या गावातली बायकांची टोळी येते, वर्षानुवर्षं तीच. तीन वर्षांपूर्वी विरळणी चालू असताना एका घडावर रक्त दिसलं. टोळीतल्या एका बाईच्या बोटाला कात्री लागली होती आणि तिला पत्ताच नव्हता. बोलत बोलत ती पुढचा घड कातरत होती. दुखत कसं नाही म्हणून विचारलं, तर म्हणाली, “करंगळी अन् शेजारचं बोट वरीसभर मेल्यागत हाय.” कोपराजवळची नस या रोगात सुजते, तिच्या ताब्यातली ही दोन बोटं बधिर होतात आणि मग वाकायला लागतात, हे मला नंतर कळलं. आरोग्य केंद्रात तपासणी झाली, पाठीवर लालसर चट्टे निघाले, वर्षभराच्या गोळ्या सुरू झाल्या. औषध सगळं फुकट.

आठवड्याच्या आत टोळीनं तिला काढलं. “तिला घेतलं तर बाकीच्या येणार न्हाईत,” मुकादम बाईनं सरळ सांगितलं. विरळणी अडकेल म्हणून मी गप्प बसलो. खरं तर त्याआधीच, निदान झाल्यावर ती दोन-चार दिवस कामाला आली तेव्हा, तिचा चहाचा पेला वेगळा ठेवा असं घरात मीच सांगितलं होतं. पुढं सासरच्यांनी तिला माहेरी पाठवलं. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून २०१९ साली कायद्यातून काढून टाकलं, हे खरं. पण बायकोला माहेरी सोडून यायला कोर्टात कोण जातं?

आम्ही बागायतदार फवारणीनंतर किती दिवसांनी माल तोडायचा ते लेबल वाचून पाळतो. या रोगाच्या बाबतीत मात्र आजीनं सांगितलेलं अजून धरून बसलोय. बहुविध औषधोपचार, म्हणजे एकापेक्षा जास्त औषधं एकत्र देणं, जागतिक आरोग्य संघटनेनं १९८१ सालीच सुचवला. गोळ्या सुरू झाल्या की रुग्णाकडून दुसऱ्याला लागण होण्याचा धोका लवकरच संपतो. बहुतेकांच्या अंगात या जंतूला तोंड देण्याची ताकद मुळातच असते. एका घडाला दोघींचे हात लागले म्हणून रोग जात नाही. आरोग्य सेवकानं बांधावर उभं राहून मला हे सगळं समजावलं, तरी पटायला वेळ लागला. त्यात तिसऱ्या महिन्यात तिचा चेहरा काळवंडला आणि रोग वाढला अशी आवई उठली. तो रंग क्लोफाझिमिन नावाच्या गोळीचा असतो आणि उपचार संपल्यावर हळूहळू उतरतो. पण गावाला कोण सांगणार?

मग जे झालं त्यानं माझे डोळे उघडले. रुग्णाच्या सहवासातल्या लोकांना तपासून रिफाम्पिसिन नावाच्या औषधाचा एक प्रतिबंधक डोस देतात, त्यासाठी सगळी टोळी तपासली. आणखी एका बाईच्या मांडीवर बधिर चट्टा निघाला. दोन वर्षांपासून होता म्हणे. मग पहिलीच्या गोळ्या सुरू झाल्या तेव्हा तरी दाखवला का नाहीस? “तिची मजुरी गेलेली बघितली की.” पहिलीला आम्ही बागेबाहेर काढलं, त्यानं दुसरीचा रोग टोळीतच लपून राहिला. दुसरीची बोटं शाबूत राहिली, सहा महिन्यांत तिचे उपचारही संपले. उशीर झाला असता तर त्या बोटांचा जबाब मला द्यावा लागला असता.

पुढच्या हंगामात पहिली बाई परत कामावर आली. आणली मुकादम बाईनंच, मी नव्हे. सगळ्या टोळीनं गोळी खाल्ल्यावर कोण कुणाला नावं ठेवणार? तिच्या कात्रीच्या मुठीला आम्ही सायकलची ट्यूब गुंडाळली, म्हणजे वाकड्या बोटांत बसते. हातमोजे दिले. संध्याकाळी हात धुतल्यावर कुठं कापलंय, भाजलंय का, ते ती डोळ्यांनी बघते, कारण हात तिला सांगत नाही. चहाचा पेला आजही तिचा वेगळाच आहे. कानाचा कप. स्टीलच्या गरम पेल्यानं बोटं भाजली तरी तिला कळत नाही.

वाकडी बोटं शस्त्रक्रियेनं पुष्कळशी सरळ करता येतात, आणि कुष्ठरोगाचं रिचर्डसन रुग्णालय इथं मिरजेतच आहे. ती म्हणते, हंगाम होऊ दे. एकदा गेलेली मजुरी परत जाईल ही धास्ती अजून आहे.

३० जानेवारीला ग्रामसभेत कुष्ठरोगाची प्रतिज्ञा वाचतात. आमच्याकडं ती घरपट्टीच्या विषयाआधी दोन मिनिटांत उरकली. माझं म्हणणं एवढंच की, त्या दिवशी टोळ्यांच्या मुकादमांना, बागायतदारांना आणि बेदाणा शेडवाल्यांना बोलवा. तपासणीत चट्टा निघाला तर कामावरून काढणार नाही, हे त्यांच्या तोंडून बायकांसमोर येऊ द्या. मग बघा, किती जणी आपणहून चट्टा दाखवायला येतात.

आपला वार्ताहर जरूर पाठवा, फक्त हातांचे फोटो नकोत. आणि माझं नाव छापू नये ही विनंती. बाग कळली की टोळी कळेल, टोळी कळली की बाई.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार,
ता. तासगाव, जि. सांगली