स्वीकार कशाचा, आणि कशाचा नाही?

महोदय,

वाढत्या वयाविषयी वृत्तपत्रांत साधारण दोनच प्रकारचे लेखन वाचायला मिळते. एकात म्हातारपण म्हणजे आजारांची यादी असते. दुसऱ्यात ऐंशीव्या वर्षी डोंगर चढणाऱ्या कुणाचे कौतुक असते आणि शेवटी ‘मनाने तरुण राहा’ असा उपदेश असतो. आपले वय मान्य करायला निघालेल्या माणसाला तरुण राहायला सांगणे हा सल्लाच उलटा आहे. आणि स्वीकार म्हणजे उद्या सकाळी उठून नेमके काय करायचे, हे कुणीच लिहीत नाही.

ज्येष्ठांबरोबर काम करताना आम्हाला एक घोळ सतत दिसतो. ज्याच्याशी भांडून उपयोग नाही त्याच्याशी माणसे वर्षानुवर्षे भांडत राहतात, आणि जे प्रयत्नाने बरेच सुधारते ते ‘वयोमानाप्रमाणे चालायचेच’ म्हणून सोडून देतात. ही वाटणी सुलट झाली की मोकळेपण आपोआप वाढते. म्हणून हे पत्र.

आधी डोळे. चाळिशीच्या सुमारास डोळ्यातल्या भिंगाची लवचिकता कमी होते आणि जवळचे अक्षर लांब धरावे लागते. आपल्या भाषेने तर त्या चष्म्यालाच ‘चाळिशी’ म्हटले आहे, इतके हे सार्वत्रिक आहे. तरी ‘चष्मा लावला की नंबर वाढतो’ या समजुतीपायी लोक हात लांब करून, कपाळाला आठ्या घालून वाचतात. नंबर वाढतो तो भिंग ताठर होत गेल्यामुळे. चष्मा लावा किंवा लावू नका, साठीपर्यंत तो हळूहळू वाढतोच. दुसरी गोष्ट प्रकाशाची. साठीच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या डोळ्याच्या मानाने जेमतेम एक तृतीयांश प्रकाश पोहोचतो, कारण बाहुली लहान राहते आणि भिंग पिवळसर होते. छताच्या दिव्याखाली वाचून थकणाऱ्या माणसाला बऱ्याचदा नव्या चष्म्याची नव्हे, खांद्यामागून पानावर पडणाऱ्या दिव्याची गरज असते. दिवा समोर ठेवला तर डोळे दिपतात आणि त्रास वाढतो. काचबिंदू मात्र सुरुवातीला काहीच जाणवू देत नाही, म्हणून डोळ्यांची तपासणी ठरावीक काळाने करायचीच.

केसांचे थोडे सविस्तर सांगतो, कारण हा विषय किरकोळ समजला जातो आणि कित्येकांची स्वतःच्या वयाशी पहिली झटापट तिथेच होते. रंगवण्यात गैर काही नाही. आवडत असेल तर जरूर रंगवा. पण केसांच्या रंगातल्या पॅराफेनिलीनडायअमिन या रसायनाची ॲलर्जी वर्षानुवर्षे तोच रंग वापरल्यावरही अचानक उद्भवू शकते. टाळूला खाज सुटते, पापण्या सुजतात. म्हणून दर वेळी ४८ तास आधी त्वचेवर थेंब लावून पाहायला हवे, आणि हे फारसे कुणी करत नाही. ज्यांना थांबायचे आहे त्यांनी हिशेब आधी मांडावा. केस महिन्याला साधारण १ सेंटीमीटर वाढतात. ३० सेंटीमीटरचे केस पूर्ण नैसर्गिक व्हायला अडीच वर्षे, १२ सेंटीमीटरपर्यंत कापले तर वर्षभर. दुसऱ्या ते सहाव्या महिन्यात मुळांशी पांढरा पट्टा ठळक दिसतो आणि बहुतेक जण नेमके तिथेच परत रंगाकडे वळतात. त्या काळात भांग सरळ न पाडता नागमोडी पाडला की पट्ट्याची रेघ मोडते. दर सहा ते आठ आठवड्यांनी टोके कापत गेले की दोनरंगी भाग लवकर संपतो. पांढरा केस कोरडा लागतो, कारण वयाबरोबर टाळूचे तेल कमी होते; रोज धुतल्याने तो आणखी राठ होतो.

नावे न आठवणे हेही तसेच. ओळखीचे नाव जिभेवर येऊन अडकते, कारण आठवून काढण्याचा वेग मंदावतो. शब्दसंग्रह मात्र साठीपर्यंत, काहींचा त्याहीनंतर, वाढत असतो. नाव अडकले की डोक्याला ताण देऊ नये. ताणाने ते आणखी रुतते. ‘नाव आठवेना, तुम्हीच सांगा’ असे सरळ म्हणावे. लपवण्याच्या धडपडीत माणूस समारंभच टाळू लागतो, आणि खरे नुकसान तिथून सुरू होते. सावध कधी व्हायचे? रोजच्या रस्त्यावर वाट चुकली, कायम चोख ठेवलेला हिशेब जमेनासा झाला, तोच प्रश्न दहा मिनिटांत पुन्हा विचारला जाऊ लागला, तर डॉक्टर गाठावा.

आता जे अजिबात स्वीकारू नये त्याकडे येतो. पहिला क्रमांक पायांच्या ताकदीचा. १९९० मध्ये अमेरिकेत सरासरी ९० वर्षांच्या, काळजीगृहात राहणाऱ्या १० अशक्त व्यक्तींना ८ आठवडे वजनाचा व्यायाम दिला गेला. त्यांच्या मांडीच्या स्नायूंची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. अभ्यास लहान होता, पण नव्वदीतही स्नायू प्रतिसाद देतो हे त्यातून स्पष्ट झाले.

स्वतःची चाचणी घरी होते. साधारण ४३ सेंटीमीटर उंचीची, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, दोन्ही हात छातीवर दुमडा आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहता येते ते मोजा. शेजारी कुणीतरी असावे. ६० ते ६४ या वयात स्त्रियांचे १२ आणि पुरुषांचे १४, ७० ते ७४ मध्ये १० आणि १२, ८० ते ८४ मध्ये ९ आणि १० यापेक्षा कमी भरले तर पडण्याचा धोका वाढलेला समजतात. आकडा कमी आला तर घाबरू नका, हीच चाचणी तुमचा व्यायाम आहे. आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून, ८ ते १२ वेळा उठा-बसा. थोडे थांबून तेच पुन्हा. जमत नसेल तर सुरुवातीला खुर्चीवर घट्ट उशी ठेवून उंची वाढवा.

चुका ठरलेल्या असतात. बसताना धप्पकन अंग सोडले जाते, वास्तविक खाली येताना तीन अंक मोजावेत, कारण निम्मा फायदा त्या संथ बसण्यात आहे. गुडघे आत वळतात. श्वास रोखला जातो आणि रक्तदाब चढतो. उठताना श्वास सोडावा. आणि सोपे वाटू लागल्यावरही माणसे महिनोन्‌महिने तेवढेच करत राहतात, मग वाढ थांबते. सोपे झाले की खुर्ची थोडी बुटकी घ्यावी किंवा हातात वजन धरावे. छातीत दुखणे, चक्कर किंवा नुकतीच शस्त्रक्रिया असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. कुणाचा हात न धरता शौचालयातून उठता येणे यापेक्षा मोठे स्वातंत्र्य उतारवयात नाही, असे आमचे ठाम मत आहे.

कानांचे दुःख वेगळे. वयाबरोबर आधी उंच पट्टीचे ध्वनी जातात. स, फ यांसारखी व्यंजने त्यांत येतात. म्हणून ‘आवाज येतो, शब्द कळत नाहीत’ ही तक्रार असते. मोठ्याने ओरडल्याने शब्द फाटतो. समोर येऊन, चेहऱ्यावर उजेड असताना, थोडे सावकाश बोलावे. श्रवणयंत्र खणात पडून राहते, कारण पहिल्याच दिवशी ते गर्दीत लावले जाते आणि भांड्यांचा, कागदाचा, स्वतःच्या चावण्याचा आवाज असह्य होतो. पहिला आठवडा शांत खोलीत, एका माणसाशी बोलताना, रोज एक-दोन तास. मग हळूहळू वेळ आणि गर्दी वाढवावी. मेंदूला ते आवाज पुन्हा ओळखायला काही आठवडे लागतात. लघवी न थांबणे यावरही बोलत नाहीत आणि बाहेर जाणे सोडतात. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून सोडण्याचा व्यायाम, एका वेळी ८ वेळा, दिवसातून ३ वेळा, किमान ३ महिने केला तर अनेकांना चांगला फरक पडतो. पंधरवड्यात सोडून देणे ही त्यातली नेहमीची चूक.

मनाच्या बाबतीतही अशीच निवड लागते. पॉल आणि मार्ग्रेट बाल्टेस या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइन यांचे उदाहरण दिले आहे. ऐंशीच्या सुमारास ते वादन कसे टिकवतात असे विचारल्यावर त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या: कमी रचना वाजवतो, त्यांचा सराव जास्त करतो, आणि द्रुत भागाआधी लय मुद्दाम थोडी संथ ठेवतो, म्हणजे पुढचा भाग वेगवान वाटतो. आठवड्याची सगळी कामे कागदावर लिहून हे कुणालाही करता येते. केवळ ‘लोक काय म्हणतील’ म्हणून चाललेल्या गोष्टींवर खूण करा आणि त्यातली एकच या महिन्यात बंद करा. नकार देताना कारणांची माळ लावू नका; कारण दिले की समोरचा ते खोडून काढतो. सगळे एकदम सोडू नये. रागाने केलेली छाटणी एकटेपणात संपते.

घरच्यांनाही एक सांगणे आहे. ‘राहू द्या, तुम्हाला जमणार नाही’ म्हणून हातातले काम काढून घेणे ही मदत नव्हे. न वापरलेले कौशल्य आणि न वापरलेला स्नायू दोन्ही झडतात. डबा उघडून देण्याऐवजी सैल झाकणाचा डबा आणून द्यावा.

आता आपल्या दैनिकाविषयी. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६९ मध्ये वयावरून होणाऱ्या भेदभावाला पहिल्यांदा ‘एजिझम’ असे स्वतंत्र नाव दिले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार जगातल्या दर दोन माणसांपैकी एकाच्या मनात असा पूर्वग्रह असतो. तो ज्येष्ठांच्या स्वतःच्या मनातही उतरतो. अमेरिकन संशोधक बेका लेव्ही यांच्या २००२ च्या अभ्यासात पन्नाशी ओलांडलेल्या ६६० जणांपैकी स्वतःच्या वयाकडे चांगल्या नजरेने पाहणारे इतरांपेक्षा सरासरी साडेसात वर्षे अधिक जगले, आणि आरोग्य व आर्थिक स्थितीचा हिशेब धरूनही फरक उरला. ‘साठ वर्षांच्या वृद्धेला वाहनाची धडक’ असा मथळा देताना हे लक्षात असावे. ‘साठ वर्षांच्या महिलेला’ एवढे पुरे आहे. आणि ज्येष्ठांसाठीचा मजकूर रंगीत पट्टीवर, राखाडी बारीक अक्षरांत छापू नका. पांढऱ्यावर काळे, एक आकार मोठे, ओळींत थोडी जास्त जागा. त्यासाठी मजकूर थोडा कमी छापावा लागला तरी आमची तक्रार नाही.

आपले,
ज्येष्ठांच्या आरोग्यासाठी काम करणारे काही वाचक